पूर ओसरल्यानंतर आईचे घर पुन्हा उभे करणारी सेवा

जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची पातळी ५६ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा शुक्रवार पेठेतील आमच्या घरात कमरेइतके पाणी होते. माझी ७८ वर्षांची आई तेथे एकटीच राहते. २०१९ च्या महापुरानंतर मी तिला चार महिने पुण्याला ठेवून घेतले होते. हातचे काम सुटल्याने ती इतकी खचली की परतल्यावर तिला चहाही करवेना. या वेळी मात्र तालमीतील मुले आणि बचत गटातील महिला मिळून चालवत असलेल्या ज्येष्ठांसाठीच्या विनामूल्य सेवेमुळे ती तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या घरी राहू लागली.

पूर ओसरताच मदतीला सारे कोल्हापूर धावते, चटया आणि बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग लागतो. खरी अडचण गर्दी पांगल्यानंतर सुरू होते, आणि ही मंडळी नेमकी तेव्हा येतात. त्यांनी वायरमन आणून घरातील वायरिंग तपासून घेतले, मोरीत धरून उठण्यासाठी भिंतीला पाइप बसवला, भिजलेल्या पासबुकाऐवजी नवे काढण्यासाठी आईला रिक्षाने बँकेत नेले; अर्जावर सही मात्र तिचीच, बोलणेही तिचेच. स्वयंपाकघर लावताना प्रत्येक डबा कोठे ठेवायचा हे तिला विचारले गेले. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु मोतीबिंदूमुळे ती हाताच्या सवयीने स्वयंपाक करते आणि मिठाचा डबा वीतभर सरकला तरी तिचे अडते. मी स्वतः आवरले असते, तर हे माझ्या ध्यानातही आले नसते.

दोन उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचताच फोन करण्याची त्यांची पद्धत चांगली असली, तरी आईला कमी ऐकू येते आणि यादीत दुसरा क्रमांकच नव्हता; त्यामुळे ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर शेजाऱ्यांनी तिला वरच्या मजल्यावर नेले. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्यांची नोंद असलेले कार्ड त्यांनी खालच्या कपाटावरच चिकटवले होते, ते पुरात गेले. ही तक्रार त्यांनी निमूटपणे ऐकून घेतली आणि नवे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्याच्या खुंटीला टांगले.

नावनोंदणी मृग नक्षत्राच्या आधी करावी आणि सोबत शेजाऱ्यांचा क्रमांक आठवणीने द्यावा.