साताऱ्यातील प्रचार साहित्याचे दुकान: एका निवडणुकीपुरता ग्राहक

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शेजारच्या मतदारसंघातील एका अपक्ष उमेदवाराच्या खर्चाची नोंदवही सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते आणि त्या निमित्ताने साताऱ्यातील प्रचार साहित्याच्या एका ठोक दुकानाशी जवळपास दीड महिना संबंध आला. पुढे एक तक्रारही लिहायची असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही.

तिसऱ्या टप्प्यात असलेल्या आमच्या भागात अर्ज मागे घेण्याची मुदत २२ एप्रिलला संपली, त्यानंतर चिन्ह हाती पडले आणि जाहीर प्रचार ५ मेच्या संध्याकाळी थांबणार होता. पक्षांचा माल फेब्रुवारीपासूनच गोदामात येऊन पडलेला असतो, तर अपक्षाला आपले चिन्ह लोकांच्या नजरेत भरवण्यासाठी जेमतेम तेरा दिवस मिळतात. अशा घायकुतीला आलेल्या ग्राहकाला दुकान कसे वागवते, यावरच त्याची पारख करावी, असे मला वाटते. २३ तारखेला सकाळी आम्ही आकृती दिली आणि २५ तारखेला दुपारी पाचशे उपरणी, तीनशे टोप्या आणि बिल्ल्यांचे दोन खोके तयार होते. (२०२२ मध्ये बंडखोर आमदारांवर झालेल्या ‘पन्नास खोके’ या आरोपापासून महाराष्ट्रात ‘खोके’ या शब्दाला जो वास लागला आहे, त्यामुळे मालकांनी बिलावर मात्र ‘बॉक्स’ असे लिहिले.)

हिशेबाच्या बाबतीत दुकान चोख आहे. दहा हजारांवरची रक्कम ते उमेदवाराकडून रोख घेत नाहीत, पक्के बिल मागावे लागत नाही, आणि पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापल्याशिवाय गठ्ठा बाहेर जाऊ देत नाहीत. कायद्याने हे बंधनकारकच आहे, तरीही ते पाळणारा भेटला की बरे वाटते. आमच्या नोंदवहीच्या पांढऱ्या (दैनंदिन खर्च), गुलाबी (रोख) आणि पिवळ्या (बँक) पानांचा मेळ पहिल्याच तपासणीत बसला, त्याचे अर्धे श्रेय या बिलांना आहे. मात्र त्याच काउंटरवर एक गोष्ट रोज दिसत असे. उमेदवाराच्या खर्चाला ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला कसलीच नाही; त्यामुळे आमची एकेक टोपी मोजली जात असताना शेजारी टेम्पोत चढणारा झेंड्यांचा ढीग पक्ष कार्यालयाच्या नावावर लिहिला जाई आणि तो कोणत्याच उमेदवाराच्या वहीत उतरत नसे. यात दुकानदाराचा दोष नाही, कायद्यानेच ही वाट मोकळी ठेवली आहे आणि ती बुजवावी असे एकाही मोठ्या पक्षाला वाटत नाही.

दुकानाची मांडणी मात्र पाहण्यासारखी आहे. पूर्वी चार पक्षांचे चार कप्पे होते, शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यावर आता तेवढ्याच भिंतीवर सहा बसवले आहेत: कमळ, पंजा, धनुष्यबाण, मशाल, घड्याळ आणि तुतारी वाजवणारा माणूस. मालक म्हणाले, “साहेब, कप्पे वाढले, गिऱ्हाईक तेच आहे.” माझ्यासमोरच एक कार्यकर्ता २०१९ ची घड्याळाची उपरणी पिशवीत भरून घेऊन आला आणि त्यावर तुतारीवाल्या माणसाचा ठसा मारून मिळेल का, असे विचारू लागला. मालकांनी एक उपरणे उजेडाकडे धरले, कापड चांगले असल्याचे सांगितले आणि खालचे काटे दिसत राहतील म्हणून काम नाकारले. सातारा मतदारसंघात १९९९ पासून प्रत्येक वेळी घड्याळच निवडून आले होते. या वेळी ते मतदान यंत्रावरच नव्हते आणि तीनदा घड्याळावर खासदार झालेले उदयनराजे भोसले कमळावर उभे होते. तेव्हा त्या पिशवीवाल्याचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही.

मी सहज विचारले की, कोणाचा जाहीरनामा ठेवता का? काँग्रेसचे न्यायपत्र ५ एप्रिलला आणि भाजपचे संकल्पपत्र १४ एप्रिलला दिल्लीत प्रसिद्ध झाले होते. दुकानात स्टिकर होते, नेत्यांचे मुखवटे होते, ‘चारशे पार’ होते, गद्दारांवरची घोषणाही होती. जाहीरनामा एकाही पक्षाचा नव्हता. “कोणी मागत नाही,” एवढेच उत्तर मिळाले. दुकानदार खपेल तेच ठेवणार, त्यामुळे हा गुण मी दुकानाचा कापत नाही. प्रचारात पक्षांनी मतदाराच्या हाती फक्त चित्र दिले, उसाचा, पाण्याचा किंवा नोकरीचा मजकूर दिलाच नाही, असे माझे मत आहे आणि या दुकानातील कप्पे त्याला पुरावा म्हणून पुरेसे आहेत.

चित्रावर सगळा भार टाकला की काय होते, ते ४ जूनला साताऱ्यातच दिसले. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर उभे असलेले, शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२ हजारांहून अधिक मतांनी पडले आणि निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत ‘तुतारी’ असे मराठी नाव असलेल्या ट्रम्पेट चिन्हावरील एका अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते मिळाली. दिंडोरीत तसल्याच चिन्हावरच्या अपक्षाने लाखावर मते घेतली, पण तेथे पक्षाचा उमेदवार तरला. पक्षाने आयोगाच्या यादीला दोष दिला आणि तो बऱ्याच अंशी खराही होता. मात्र “तुतारी लक्षात ठेवा” यापलीकडे मतदाराला दुसरी खूण द्यायची होती, उमेदवाराचे नाव आणि त्याचे म्हणणे सांगायचे होते, हे त्या पक्षाने मनावर घेतले असते तर एवढी मते चुकली नसती. ज्यांनी हा घोळ पाहून टाळ्या वाजवल्या, त्यांचे स्वतःचे चिन्हही न्यायालयाच्या दारातून फिरून आलेले होते, हे विसरायचे कारण नाही.

आता तक्रार. उपरण्यांचा रंग पक्का नाही. मेच्या उन्हात पहिल्याच पदयात्रेत घामाने हिरवा रंग उतरला आणि उमेदवारासह अकरा जणांचे पांढरे सदरे खराब झाले. फोन केल्यावर दुकानाने चूक मान्य करून पन्नास उपरणी बदलून दिली, पण ठोक ऑर्डर देण्यापूर्वी एक नग ओला करून पाहावा. टोप्यांची शिलाई चांगली आहे, बिल्ल्यांच्या पिना वाकतात. दुकानापाशी गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे माल सकाळी लवकर उचलावा.

निकालानंतर उरलेली १४० उपरणी घेऊन गेलो, तेव्हा सहाही कप्पे रिकामे करून तेथे वारीच्या भगव्या पताका लावण्याचे काम चालले होते. चिन्ह छापलेला माल ते परत घेत नाहीत आणि तशी पाटी काउंटरवर आहे. मागणी मोजूनच नोंदवावी.