आयोग, आमदार की ग्रामसभा? स्वच्छ विजेसाठी आधी कुठे जायचं

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, "उद्या नियम बदलले तर?" रास्त प्रश्न आहे. नियम बदलतात. पण ते बदलत असताना आपल्याला बोलता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चार-पाच जणांचा गट, रविवारचे दोन तास आणि एसटीच्या तिकिटापुरते पैसे, एवढ्या बळावर महाराष्ट्रात कुठे जोर लावावा, याबद्दल माझं मत सांगते.

आधी निर्णय कोणाच्या हातात आहे ते पाहा. वीजदर, नेट मीटरिंग (गच्चीवरच्या सोलरची जास्तीची वीज कंपनीला देऊन ती युनिटं बिलातून वजा करून घेण्याची सोय) आणि वितरण कंपन्यांनी किती अपारंपरिक वीज घ्यायची हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. सौर कृषी वाहिनी (शेतीला दिवसा सौर वीज देण्याची राज्याची योजना), इलेक्ट्रिक वाहनांचं धोरण, अनुदान हा सरकारचा विषय. प्रकल्पाला गावची जमीन जाणार असेल, तर गावानेच आधी तोंड उघडायला हवं. नेट मीटरिंगचं निवेदन घेऊन आमदारांकडे गेलेले कितीतरी गट मी पाहिले आहेत. आमदार मनापासून पत्र देतात, पण त्या पत्रावर आयोग आदेश काढत नाही.

शहरातल्या गटाने आयोगापासून सुरुवात करावी, असं मी ठामपणे म्हणेन. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार वीज कंपनीच्या दरप्रस्तावावर लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आणि आयोगाच्या आदेशात हरकत, त्यावर कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय हे तिन्ही छापून येतं. मोर्चाला किंवा निवेदनाला असं लेखी उत्तर क्वचितच मिळतं.

याने फरक पडतो का? २०१९ चं उदाहरण घ्या. छतावरच्या सौर विजेसाठी आयोगाने जो मसुदा काढला, त्यात महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्यांनाच नेट मीटरिंग ठेवायचं आणि बाकीच्यांना नेट बिलिंगवर न्यायचं, असा प्रस्ताव होता. म्हणजे आपली जास्तीची वीज स्वस्तात द्यायची आणि रात्रीची महागात घ्यायची. हरकतींचा पाऊस पडला. डिसेंबर २०१९ च्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिलं.

हरकत लिहायला वकील लागत नाही. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने स्वतःची बारा महिन्यांची बिलं ओळीने लावली आणि एप्रिल-मे महिन्यांत जमा झालेली युनिटं पावसाळ्यात कशी वापरली गेली, ते पेन्सिलीने गोल करून दाखवलं. शेवटी एकच वाक्य लिहिलं: ही जमा बंद झाली, तर माझ्या गुंतवणुकीचा हिशोब कोलमडतो. अभ्यासू भाषणांपेक्षा तो कागद मला जास्त पटला. आकडेमोडीची बाजू पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं मांडत आल्या आहेत. त्यांच्याजवळ नसतं ते तुमचं बिल.

या वाटेतही काटे आहेत. प्रस्ताव शेकडो पानांचा असतो, भाषा किचकट असते. आणि एकदा निकाल लागला म्हणून निर्धास्त होता येत नाही: २८ मार्च २०२५ चा दर-आदेश महावितरणच्या फेरविचार याचिकेनंतर २५ जूनला बदलला. गटातल्या एकाने तरी आयोगाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला नजर टाकायची जबाबदारी घेतली पाहिजे.

आमदारांकडे जावं ते पैशासाठी आणि धोरणासाठी. सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला वीज स्वस्त द्यायची असेल, तर त्याच विद्युत कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे त्याची रक्कम सरकारने आगाऊ भरायची असते. हा निर्णय आयोग घेऊ शकत नाही. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी अशी तीन अधिवेशनं असतात, आणि तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) बरेच आधी द्यावे लागतात. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. "पर्यावरण वाचवा" असं निवेदन नेऊ नका. आपल्या तालुक्यात किती फीडरवर (वीजवाहिन्यांवर) शेतीला दिवसा वीज मिळते आणि उरलेल्यांना कधी मिळणार, हा प्रश्न टाइप करूनच न्या. अशा प्रश्नाला मंत्र्यांना आकड्यांत उत्तर द्यावं लागतं.

ग्रामसभेचं वजन मात्र शहरातल्या कार्यकर्त्यांना कळत नाही, याचं मला वाईट वाटतं. सौर कृषी वाहिनीसाठी अनेक ठिकाणी गायरान निवडलं जातं. दिवसा वीज मिळणार म्हणून शेतकरी खूश असतो, आणि त्याच गावात शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या बाईचं कुरण जातं. दोघंही खरं बोलतात. पर्यायी जागा, जनावरांसाठी सोडायची वाट, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीचा वापर, हे ठरावात नावनिशीवार आलं तर पुढे वाद कमी होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सभांना विषय आधीच पत्रिकेवर घालून घ्या. पण राज्याचा नियम ग्रामसभेच्या ठरावाने बदलत नाही, हेही लक्षात असू द्या.

नवा कोळसा प्रकल्प येत असेल, तर वाट वेगळी. नागपूरजवळच्या कोराडी वीज प्रकल्पासाठी २९ मे २०२३ ला झाली तशी पर्यावरणीय जनसुनावणी ३० दिवसांच्या नोटिशीने लागते, तिथे हजर राहावंच लागतं. आणि आयोगाच्या आदेशाविरुद्ध दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जाता येतं, पण तो खर्च लहान गटाला एकट्याने झेपण्यासारखा नाही.

तुमचा गट अगदी नवा असेल आणि एकच काम जमणार असेल, तर पुढच्या दरप्रस्तावाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रातून कापून ठेवा. हरकतीची शेवटची तारीख त्यातच असते, आणि प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं अर्जात लिहावं लागतं. ते लिहाच.