तुर्की की उझबेक : विभक्ती कुणाची सोपी?

तुर्किक भाषा (म्हणजे तुर्की, उझबेक वगैरे एकाच कुळातल्यांपैकी एखादी) शिकायचीय आणि प्रत्ययांची धास्ती वाटतेय, तर आधी हे वाचा. दोन्हीकडे विभक्ती 6च आणि क्रमही तोच, म्हणजे नाम, मग अनेकवचन, मग कुणाचं ते, आणि शेवटी विभक्ती. 'आमच्या घरांत' तुर्कीत एवलेरिमिझदे, उझबेकमध्ये उयलारिमिझदा. आपण 'आमच्या' वेगळं आणि आधी लावतो, तिथे ते नामाच्या पोटातच जातं, आणि मला हे फार देखणं वाटतं!

फरक पडतो तो स्वरांमुळे. तुर्कीत 'मध्ये' साठी दा, दे, ता, ते असे चार पर्याय, शब्दातला शेवटचा स्वर आणि शेवटचा आवाज बघून निवडायचे (एवदे घरात, ओकुलदा शाळेत, किताप्ता पुस्तकात), प्रमाण उझबेकमध्ये मात्र सगळीकडे नुसतं दा.

पण खरी गंमत 'त्याचं' मध्ये आहे. तुर्कीत एवि म्हणजे 'त्याचं घर' पण आणि कर्म असेल तर 'घराला' पण, आणि एविन्दे म्हणजे 'तुझ्या घरात' की 'त्याच्या घरात' हे संदर्भावरूनच कळतं, कारण 'त्याचं' च्या पुढे विभक्ती आली की मध्ये एक न घुसतो, आणि ते 'तुझं' च्या इन सारखंच दिसतं. उझबेकमध्ये हा न नाहीच, त्यामुळे उयिंगदा तुझ्या घरात, उयिदा त्याच्या घरात, आणि उयि ('त्याचं घर') वेगळं, उयनी ('घराला') वेगळं, सगळं स्वच्छ. हां, ताश्कंदच्या बोलीत 'चा' वालं निंग आणि कर्माचं नी दोन्ही नी होतात, तिथे कान द्यावा लागतो.

नुसते प्रत्यय बघितले तर माझं मत उझबेकलाच.