मुंबईत दोनच दिवस: घारापुरी की कान्हेरी, गिरगाव की जुहू?

सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी आटोपली की विदर्भातून मुंबईच्या गाड्या भरभरून जातात. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून माणूस सकाळी सीएसएमटीला उतरतो. हाती दोन दिवस आणि यादी वीस ठिकाणांची. यादी छाटताना एकच निकष लावावा: जे आपल्याकडे आहे त्यासाठी मुंबईतला वेळ घालवू नये. आपल्याकडे समुद्र नाही.

आधी वार बघा. सोमवारी घारापुरी, म्हणजे एलिफंटा बेटावरची लेणी, बंद असते आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही बंद, म्हणजे त्यातली कान्हेरीची लेणीही गेली. रविवारी रात्री गाडीत बसणारे इथेच फसतात. बुधवारी राणीची बाग बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग तासन्‌तास सरकत नाही, अंगारकीला तर विचारूच नका. बाप्पाचा वार म्हणून मुद्दाम मंगळवार धरणाऱ्यांचा अर्धा दिवस तिथेच जातो.

आता मुख्य प्रश्न. घारापुरी आणि कान्हेरी ही दोन्ही लेणी बेसॉल्टात, म्हणजे काळ्या कातळात कोरलेली, दोन्हींना दिवसाचा मोठा भाग लागतो. एका फेरीत दोन्ही बसत नाहीत.

घारापुरीला बोट गेटवेवरून सुटते, एका बाजूला साधारण तासभर. येण्या-जाण्यासकट पाच तास धरा. तिकीट परतीचंच मिळतं, त्याचा तुकडा जपून ठेवा. धक्क्याला बोटी एकीला एक लागून बांधलेल्या असतात, त्यामुळे कधी पहिली बोट ओलांडून दुसरीत जावं लागतं. दोन्ही बोटी एकाच वेळी वर-खाली होत नाहीत. मधल्या फटीकडे बघून पाय टाका, लेकरू आधी पलीकडच्या खलाशाच्या हाती द्या. लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे शंभरावर पायऱ्या. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्चीची डोली मिळते. भाव आधी ठरवा. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून शिदोरी उघडी नेऊ नका.

लेण्यात शिरल्यावर इकडेतिकडे न बघता सरळ मागच्या भिंतीकडे जा. सुमारे वीस फूट उंचीचा तीन मुखांचा सदाशिव तिथे आहे. आपल्या डाव्या हाताचं मुख उग्र, मिशीचं आणि हाती सर्प, मधलं शांत, उजवीकडचं कोवळं, जवळजवळ बाईमाणसाचं. डोळे अंधाराला सरावले की तिन्हींतला फरक दिसायला लागतो. त्यामुळे पाच मिनिटांत फोटो काढून निघू नका. 1987 पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे.

कान्हेरी हे बौद्ध लेणं, शंभराहून अधिक गुहांचं. दादरहून बोरिवलीला जलद लोकल आहे, मात्र उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. हे अंतर लक्षात न घेता पायी निघालेली मंडळी दमून जातात. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, आणि त्याच्या ओसरीतल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती बघाच. कातळात खोदलेले पन्हाळ आणि पाण्याची टाकी सहसा कोणी बघत नाही. पावसाचं पाणी डोंगरावरून वळवून भिक्खूंच्या खोल्यांपर्यंत आणलेलं आहे. बोअर आटलेल्या गावातल्या माणसाने तर ते बघितलंच पाहिजे.

बहुतेकांना आम्ही घारापुरीच सांगू, कारण अजिंठा बुलढाण्याकडून जवळ आहे आणि विजासन लेणी भद्रावतीलाच आहेत. बोट मात्र इकडे कुठे मिळणार? 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांचं गणित वेगळं. मुक्काम दादरला, मन बुद्धलेण्यांकडे, त्यांना कान्हेरीच योग्य. पावसाळ्यात येणार असाल तरीही कान्हेरी, कारण खवळलेल्या समुद्रात बोटी बंद पडतात.

राणीची बाग की काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय? वाघ बघायचा तर ताडोबा-मेळघाट आहे. पेंग्विनसाठी लेकरं हटूनच बसली तर बागेत जा, नाहीतर संग्रहालय. ते गेटवेपासून पायी दहा मिनिटांवर आहे.

किनाऱ्याचं बोलायचं तर गेटवे पूर्वेकडे, बंदराच्या बाजूला आहे. तिथे सूर्यास्त समुद्रात दिसत नाही, म्हणून गेटवे सकाळी आणि मरीन ड्राइव्ह संध्याकाळी. मरीन ड्राइव्हला वाळू नाही. कठड्याखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उतरू नका, त्यांच्यावर शेवाळ असतं आणि मधल्या फटीत पाय अडकतो. पाय भिजवायचे तर त्याच रस्त्याच्या टोकाला गिरगाव चौपाटी आहे. तिथून चालत जाता येईल असं मणिभवन, जिथे गांधीजी 1917 ते 1934 मुंबईत आले की उतरत; सेवाग्राम पाहिलेल्यांनी हेही बघावं. जुहूची वाळू मोठी, पण सीएसएमटीकडून जाण्या-येण्यातच तीनेक तास जातात. जुहू यादीतून काढा.

हाजी अली आणि महालक्ष्मी एकाच फेरीत होतात. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते. दोन भरतींत साधारण साडेबारा तास, आणि रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते. वेळा मोबाइलवर मिळतात, त्या निघण्याआधी बघा.

मुंबई दर्शनची बस स्वस्त वाटते, पण बरंचसं खिडकीतूनच दाखवते आणि प्रवेशाचे पैसे वेगळे. सी लिंकवर थांबता येत नाही, चालता येत नाही. 5.6 किलोमीटर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतात. लोकल आणि पायी फिरणं बरं. फक्त सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणारी आणि संध्याकाळी पाच ते नऊ परतीची गर्दी टाळा. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, शोधत बसू नका. टॅक्सी मीटरनेच घ्या.

सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, बॅगेला कुलूप हवं. पिशव्या-बोचकी घेत नाहीत.

सूर्यास्त पहिल्या दिवशीच उरकून घ्या. थंडीत मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि परतीच्या गाड्या संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुटतात. शेवटच्या दिवशी चौपाटीवर रेंगाळलात तर टॅक्सी सिग्नलला अडकते आणि गाडी फलाटावरून निघून जाते.