टिपरे, माजघर की जुई-साकेत: नव्या जोडप्यानं आधी काय बघावं?

लग्नसराई उरकली की लातूर, बीड, परभणीकडच्या कितीतरी घरांत हा प्रश्न येतो. जेवणं आटोपलेली असतात, दोघांना मिळून काहीतरी बघायचं असतं. कारस्थानी सासवा आणि वर्षानुवर्षं लांबणारी रडारड नको असते. हसवणारं, संसाराचं, चार जिवाभावाच्या माणसांचं हवं असतं. अशा वेळी मी तीन मालिकांची नावं सांगतो: ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, ‘आणि काय हवं’ आणि ‘दिल दोस्ती दुनियादारी’. तिन्ही मला मनापासून आवडतात. पण कोणती आधी लावायची, हे तुमच्या घरात माणसं किती आणि खोल्या किती यावर ठरतं.

एकत्र कुटुंब असेल तर डोळे झाकून टिपरे. २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, ही मालिका सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या स्वतःच्या ‘अनुदिनी’ या लेखनावर ती बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा म्हणजे गंगाधर टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. एवढीच माणसं, पण तीन पिढ्या. शेखर-श्यामलाचा संसार आपण बघतो तो कायम कुणाच्या तरी देखत चाललेला. आपल्याकडचं लग्न असंच असतं. नवरा-बायकोला भांडायलासुद्धा एकांत मिळत नाही, म्हणून भांडण ताटातून चालतं. सासऱ्यांच्या ताटात भाकरी हळूच ठेवली जाते, नवऱ्याच्या ताटात ती टाकली जाते. सासरे मान वर न करता विचारतात, “काय झालं गं?” नवरा “काही नाही” म्हणत भाकरी मोडायला लागतो. या धुसफुशीची नस टिपऱ्यांइतकी नेमकी मराठीत दुसऱ्या कुणी पकडलेली मला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. आबा आठवणींत रमतात, रोजनिशी लिहितात, पण नातवाच्या उचापतींत त्यांना खरा रस असतो. सुनेशी त्यांचं नातं धाकाचं नाही, गप्पांचं आहे. नवी सून आणि सासरे शेजारी बसून हे बघत असतील तर पुष्कळ अवघडलेपण आपोआप सैल होतं. घर मुंबईचं, भाषा मुंबईची, मराठवाड्याची बोली तिथं कानावर पडत नाही, याची खंत मला आहे. तिन्ही मालिकांबद्दल आहे.

आता दोघंच राहत असाल, म्हणजे नोकरीपायी संभाजीनगरला किंवा पुण्याला वन बीएचके घेऊन, तर आधी ‘आणि काय हवं’. २०१९ मध्ये एमएक्स प्लेअरवर आलेली ही वेब सिरीज वरुण नार्वेकर यांची. जुई आणि साकेत झालेत प्रिया बापट आणि उमेश कामत, जे खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको आहेत. स्वतःचं पहिलं घर, पहिली गाडी, असे साधे विषय. भाग छोटे, त्यामुळे झोपण्याआधी एखादा सहज होतो. कुणी खलनायक नाही, मोठं संकट नाही. दोन माणसं एकमेकांचं ऐकून घेतात, चिडतात, पुन्हा बोलतात.

मात्र इथं एक सांगायला हवं. जुई-साकेतच्या घरात तिसरं माणूस जवळजवळ नाही. गावाकडे पैसे पाठवायचेत, धाकट्या दिराची फी भरायचीय, यंदा सोयाबीनला भाव नाही म्हणून गाडी पुढच्या वर्षावर ढकलायचीय, ही आपल्या संसारातली खरी बोलणी त्यात नाहीत. गोडवा भरपूर आहे आणि तो खोटा नाही. पण सासू-सासऱ्यांसोबत राहणाऱ्या सुनेला तो थोडा टोचूही शकतो, म्हणून एकत्र कुटुंबात मी ती दुसऱ्या नंबरवर ठेवतो.

‘दिल दोस्ती दुनियादारी’ मैत्रीची. २०१५ मध्ये झी मराठीवर सुरू झाली आणि वर्षभर चालली. मुंबईतलं एक घर, नाव माजघर, त्यात राहणारी सहा मुलं-मुली. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा संभाजीनगरच्या एखाद्या रूमवर ज्यांनी मेसचा डबा वाटून खाल्लाय, महिनाअखेरीला रूम पार्टनरकडून उसने पैसे घेतलेत, त्यांना ती लगेच आपली वाटेल. कैवल्य आणि आशूच्या जोडीनं मी पोट धरून हसलोय.

पण जोडप्यांनी ती बघावी असं मी म्हणतो ते रेश्मासाठी. तिचं लग्न झालेलं आहे, आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी मुलगी असल्याचं कळल्यावर तिला आधार मिळतो तो या मित्रमंडळींचा. लग्न झालं की मुलीच्या मैत्रिणी सुटतात, हे आपल्याकडे किती सहज धरून चालतात! रेश्मा बघताना तुमच्या बायकोला कुणाची आठवण येते, ते तिला विचारा. ही रेश्मा साकारली सखी गोखलेनं, आणि टिपऱ्यांची श्यामला म्हणजे तिची आई, शुभांगी गोखले. दोन्ही मालिका लागोपाठ बघितल्यात तर मायलेकींची ही दोन कामं शेजारी ठेवून बघायला मिळतील.

सासूबाईंसमोर माजघर लावायचं असेल तर आधी दोघांनी चार-दोन भाग बघून घ्या. मुलं-मुली एका घरात राहतात, एवढ्यावरूनच पहिल्या रात्री टीव्ही बंद होऊ शकतो, आणि मग रेश्मापर्यंत घरातलं कुणीच पोचत नाही.