कुंभारजुव्याचा कालवा, चोडणची होडी की मांडवीची संध्याकाळ? कोणती सफर कुणासाठी

पणजीहून फोंड्याला जाताना बाणस्तारीचा पूल लागतो. बहुतेक गाड्या मंगेशीच्या ओढीने तो झपकन ओलांडून जातात. त्या पुलाखालून वाहतो तो कुंभारजुव्याचा कालवा. मांडवी आणि झुआरी यांना जोडणारा हा सुमारे १५ किलोमीटरचा पाण्याचा पट्टा आहे. त्याच्यामुळेच तिसवाडी तालुका सगळीकडून पाण्याने वेढलेला आहे. डिसेंबर आला की पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे विचारू लागतात: सोबत आईबाबा आहेत, मुलं आहेत, बोटीत बसायचंय, कुठली सफर घेऊ? समुद्रावरचे खेळ सोडून दिले, तर नदी-खाडीतले तीन पर्याय उरतात: या कालव्यातली मगरींची सफर, चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातली होडी आणि पणजीच्या सांता मोनिका जेट्टीवरून सुटणारी मांडवीतली संध्याकाळची बोट.

पैशांचा विचार नंतर करा. आधी दोन गोष्टी पाहा: सोबत कोण आहे आणि त्या दिवशी तिथी कोणती आहे.

तिथी अशासाठी, की कालवा आणि चोडण यांना पाणी उलट लागतं. कालव्यातल्या मगरी ऊन खायला चिखलाच्या काठावर येतात, आणि तो चिखल ओहोटीलाच उघडा पडतो. चोडणला मात्र होडी तिवरांच्या आतल्या वाटेने जायची असेल तर भरती हवी. ओहोटीला ती वाट चिखलात रुतते आणि मग अभयारण्य काठावरूनच पाहावं लागतं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊला पाणी तळाला. एकादशीला सव्वाआठला पाणी भरलेलं. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. म्हणून मगरी बघायच्या तर तृतीया ते पंचमीची सकाळ, आणि चोडण करायचं तर एकादशी-द्वादशीची. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं-उतरतं, तेव्हा नेमकी वेळ होडीवाल्यालाच विचारा. पण हा हिशेब हातात असला की ‘कधीही या’ म्हणणारा लगेच ओळखता येतो.

माझा स्वतःचा कौल कालव्याला. मगर हा मूळचा गोड्या पाण्यातला प्राणी, आणि इथे तो मचूळ खाऱ्या पाण्यात, वस्तीला लागून राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या गार सकाळी चिखलावर जबडा उघडा टाकून पडलेली मगर पाहिली की मुलंच काय, मोठेही गप्प होतात. मगर नाही दिसली तरी सफर वाया जात नाही. दोन्ही काठांना तिवरं आहेत, त्यांच्यामागे खाजन (खाडीकाठच्या सखल जमिनीतली) शेती, खारं पाणी अडवणारे बांध आणि पाण्याची ये-जा सांभाळणारी मानस, म्हणजे लाकडी दारं. हे बांध फुटले तर शेती गेली. म्हणूनच फोंडा तालुक्यातल्या काठच्या गावांत पौष महिन्यात बांधावर मातीची मगर करून तिची पूजा करतात, तिला ‘मांगे थापणी’ म्हणतात. मगरीला राखणदार मानणाऱ्या या गावांतला कुणी होडीवाला मिळाला तर त्यालाच बोलतं करा. हॉटेलच्या टेबलावरून ठरवलेल्या सफरीत एवढी माहिती मिळत नाही.

पण अडचण अशी, की मगरींची वेळ हीच गुडघ्यांची परीक्षा. ओहोटीला बोट धक्क्यापेक्षा बरीच खाली असते, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि उतरताना एक पाय हवेत राहतो. आजी-आजोबा असतील तर तरंगता धक्का आहे का, हे आधीच विचारा. नसेल तर त्यांना हट्टाने नेऊ नका.

कालव्यातला खरा धोका मला मगरीचा वाटत नाही. ‘ती बघा!’ असा आवाज होतो तेव्हा तो सुरू होतो. सगळे मोबाईल घेऊन एकाच बाजूला उभे राहतात आणि लहान बोट कलंडू लागते. निघण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा, की मगर कुठल्याही बाजूला दिसो, बसल्या जागेवरूनच बघायचं. बोट फिरवून दुसऱ्या बाजूलाही दाखवतात. लाइफ जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेले हवेत. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट उपयोगाचं नाही, पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. मुलांच्या मापाचं नसेल तर त्या बोटीत बसू नका, आगाऊ पैसे दिलेले असले तरीही. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला निघालेली बोट आणि कळंगुटची पर्यटक बोट, अशा दोन दुर्घटना एका आठवड्यात झाल्या. त्यानंतर तरी हा नियम घासाघीशीचा राहू नये. बंदर कप्तान खात्याकडचा नोंदणी क्रमांक आणि प्रवाशांची मर्यादा बोटीवर लिहिलेली असते. चढण्याआधी ती वाचा आणि डोकी मोजा. कालव्यातून बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौकाही जातात. बार्जची लाट येते तेव्हा खाली बसून कडा धरा. हात पाण्यात घालायचा नाही, आणि मांस टाकून मगर जवळ आणतो म्हणणाऱ्याला सरळ नकार द्यायचा. त्यामुळे मगरीला माणसाजवळ अन्न शोधायची सवय लागते आणि त्याची किंमत काठावरचा मासेमार मोजतो.

चोडणची होडी त्या मानाने शांत. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की धक्क्याजवळच अभयारण्याचं दार आहे. १९८८ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. पण धीवर, बगळे आणि हिवाळी पाहुणे पक्षी यांची ज्यांना गोडी आहे त्यांनी आधी इथे यावं. नाद नसेल तर मुलं अर्ध्या तासात कंटाळतात, हे मी स्पष्टच सांगते. होडी अरुंद असते, त्यामुळे तीन-चार जणांच्या कुटुंबाला बरी, दहा जणांच्या घोळक्याला नाही.

मांडवीतली संध्याकाळची बोट तासाभराची. तीवर देखणी, फुगडी आणि पोर्तुगीज वळणाचं कोरिदिन्य हे नाच, गाणी, मोठा आवाज, काठावर दिवे आणि कॅसिनोंची जहाजं. निसर्ग पाहायला आलेल्याने इथे येऊ नये. पण ज्यांना चालवत नाही, ज्यांना बोटीत चढउतार करायला भीती वाटते, त्या वडीलधाऱ्यांसाठी ही सर्वांत सोपी. आवाजाचा त्रास होणाऱ्यांना स्पीकरपासून लांबची जागा द्या, आणि चढल्या चढल्या जॅकेटं कुठे ठेवली आहेत ते बघून ठेवा.

आता किनाऱ्यावर उतरून काय पाहायचं. कालव्याबरोबर मंगेशी आणि म्हार्दोळची म्हाळसा सहज होते, कारण बाणस्तारीहून ती काही मिनिटांवर आहेत. सकाळी सफर, दुपारी दर्शन. मांडवीबरोबर जुनं गोवं: बॉम जेझू बॅसिलिका १६०५ साली पूर्ण झाली आणि ती जागतिक वारसा स्थळांपैकी आहे. पण मराठी घरातल्या माणसांना मी आणखी एक वाट सुचवीन. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेट, बेट ओलांडून पुन्हा फेरीबोटीने नार्वे, आणि तिथे सप्तकोटेश्वर. दिवाडीवरचं मूळ देऊळ पोर्तुगीज काळात पाडलं गेलं, देव पलीकडे नार्व्याला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. या वाटेवर बोट आणि देऊळ एकाच दिवसात, थोड्या खर्चात होतं. फेरीबोटीवर गाडीच्या बंद काचांआड बसून राहू नका, उतरून उभे राहा. चढताना मात्र आधी गाड्या जाऊ द्या, रॅम्प निसरडा असतो.

जहाजाने मुरगाव बंदरात उतरून काही तासांत गोवा पाहायचा असेल, तर हिशेब वेगळा. जहाजाच्याच सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. तेव्हा नार्वे विसरा. दोन फेरीबोटींवर वेळेचा भरवसा ठेवता येत नाही. जुनं गोवं तेवढं करा, रस्त्याला जाताना आणि येताना तास-तास धरा आणि जहाजावर चढायच्या शेवटच्या वेळेआधी दीड तास बंदरात पोचा.

फोनवर होडीवाल्याशी बोलताना चार गोष्टी विचारा: त्या दिवशी ओहोटी किती वाजता, बोटीत किती माणसं घेणार, मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का, आणि आम्ही जिथे चढणार तो धक्का कसा आहे. पहिल्याच प्रश्नाला ‘कधीही या, मगर दिसतेच’ असं उत्तर आलं, तर दुसरा होडीवाला शोधा.