जुनी बोट घेताय? १ लाख ३५ हजार घालवलेल्या माणसाचं ऐका

तलावावर गळ टाकायला दोन माणसांची फायबरची बोट आणि छोटं आउटबोर्ड इंजिन, जाहिरातीत १ लाख ३५ हजार. विकणाऱ्याचं "आणखी दोघं बघून गेलेत" वगैरे नेहमीचं झालं, ११ हजार टोकन गेलं.

बघायला गेलो तर बोट पाण्यात आणि इंजिन आधीच चालू! म्हणे तुमच्यासाठीच गरम करून ठेवलंय. कव्हरला हात लावला, चांगलंच तापलेलं. तिथेच डोक्यात बत्ती पेटायला हवी होती, कारण गार इंजिन दोरी ओढल्यावर चालू होतं का हेच तर बघायचं असतं, आणि या हरामखोराने नेमकं तेच बघू दिलं नाही. इंजिन टांगतात त्या मागच्या फळ्याला ताज्या रंगाचा वास. विचारलं तर "सीझनआधी देतोच हो". पण मला सांगा, जो माणूस कुठला मासा किती खोलीवर लागतो ते तोंडपाठ सांगतो त्याच्यावर संशय कोण घेईल? उरलेले १ लाख २४ हजार तिथेच ट्रान्सफर केले. (निम्मे तरी नंतर द्या, कागद हातात आल्यावर.)

घरी आणून दोरी ओढता ओढता खांदा निखळायची वेळ आली. मेकॅनिकने फळ्यावर नाण्याने टकटक केलं, कडेला टणटण, मधे बद्द. एक स्क्रू काढला तर भोकातून काळं पाणी ठिबकलं, आतलं प्लायवूड कुजून भिजल्या पुठ्ठ्यासारखं बोटाने निघत होतं. तशीच पळवली असती तर इंजिन फळ्यासकट तळाला. दुरुस्ती ४८ हजार. तुम्ही नाणं खिशात घेऊनच जा, आणि चालू इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते का तेही बघा, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतंय की नाही ते कळतं.

वर इंजिनाची नंबरप्लेटच नाही, रिव्हेटची भोकं रंगाने बुजवलेली! पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला, कोर्टात जा. अरे खोडलेला नंबर पण दिवाणी? नोंदणी ऑफिसात गेलो तर नंबरच नाही तर नोंद कसली, आधी पोलिसांचा कागद आणा. पोलिसांकडे परत, तर साहेब बाहेर गेलेत. सायबरवाले म्हणे तुम्ही पैसे स्वखुशीने पाठवलेत, बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा! विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि सही केलेली पावती आधीच घ्या, नंतर कुणी कुत्रं विचारत नाही. आणि हे इंजिन आता विकताही येत नाही, विकलं तर चोरीचा माल विकतो म्हणून मलाच आत टाकतील.